शेराला किलो धरले तेव्हा : येसराच्या एका मागणीचे प्रकरण

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील आमच्या गावात अकरा महिलांचा बचत गट आहे आणि तो मसाले, भाजणी व चटण्या करून विकतो. गटाच्या खरेदीचे व हिशेबाचे काम माझ्याकडे आहे. मागच्या लग्नसराईत एका लग्नघराने आमच्याकडे येसराच्या पिठाची मागणी नोंदवली. ती आम्ही वेळेत पुरी केली, तरीही पंगतीत वाढलेली आमटी पातळ, कडसर आणि जिभेला खरखरीत लागणारी झाली. धान्य नवे होते, भाजणी मंद आचेवर झाली होती आणि गिरणीतून दळण बारीक आले होते. दोष मापात होता, आणि तो माझ्या वहीतल्या, मी स्वतः केलेल्या रूपांतरात होता. मापाचे वजन करताना नेमके काय चुकले, ते कसे सापडले आणि बिघडलेला माल कसा सुधारला, हे येथे आकड्यांसह मांडत आहे, कारण घरचे प्रमाण बाजारात नेणाऱ्या प्रत्येक गटाला हा हिशेब एकदा तरी करावाच लागतो.

येसर हे मराठवाड्यातील लग्नघराचे पीठ आहे. गहू, डाळी, धने, जिरे आणि खडा मसाला वेगवेगळे भाजून एकत्र दळतात, आणि हे पीठ पाण्यात कालवून फोडणीत सोडले की येसराची आमटी होते. घराघराचे प्रमाण निराळे असते. कोणी ज्वारी घालते, कोणी तांदूळ, कोणाकडे उडीद मुळीच नसतो. परंतु काम सगळीकडे एकच आहे. धान्य आणि डाळी आमटीला दाटपणा देतात, तर धने, जिरे व मसाला तिला वास आणि चव देतात. म्हणजे या पिठात दोन वेगळी कामे करणारे दोन गट एकत्र दळलेले असतात, आणि त्यांचे आपापसातील प्रमाण ढळले की दाटपणाही बिघडतो आणि चवही. दळल्यानंतर कशाचे किती हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून जे काही मोजायचे ते दळण्याआधीच मोजून घ्यावे लागते.

आमच्या गटाचे प्रमाण माझ्या चुलत सासूबाईंचे आहे. सारे गाव त्यांना मोठी माय म्हणते. त्यांच्याकडे शेर, मापटे, चिपटे आणि कोळवे अशी चार लोखंडी मापे आहेत आणि येसर करताना त्या आजही तीच हाती घेतात. त्यांनी सांगितलेले एका घाण्याचे प्रमाण असे : गहू एक शेर, हरभऱ्याची डाळ एक मापटे, उडदाची डाळ एक चिपटे, धने एक मापटे, जिरे एक कोळवे, दगडफूल एक कोळवे आणि मिरे दोन तोळे. लवंग, दालचिनी व वेलदोडे त्या नगावर मोजून घालतात. त्यांचा या प्रकरणाशी संबंध नसल्याने मी ते हिशेबात धरलेले नाहीत.

दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, हे कोष्टक आमच्या भागातील साठीच्या पुढच्या बहुतेक बायकांना तोंडपाठ आहे. ही सगळी आकारमानाची मापे आहेत. भांड्यात किती मावते एवढेच ती सांगतात. मावलेल्या वस्तूचे वजन किती, ते सांगत नाहीत. मोठ्या मायच्या प्रमाणात तोळा मात्र वजनाचा होता. म्हणजे मूळ प्रमाणातच सहा जिन्नस मापाने आणि एक वजनाने घेतलेला होता, आणि ही गोष्ट मी त्या वेळी लक्षात घ्यायला हवी होती.

रूपांतराची गरज दोन कारणांनी पडली. खरेदी लातूरच्या गंजगोलाईत करायची होती आणि तेथे धने-जिरे किलोवर मिळतात, मापट्यावर नाही. दुसरे असे की लग्नघराला साडेदहा किलो पीठ दिल्यावर उरलेल्या पिठाची पाकिटे करून ती विकायची होती, आणि पाकीटबंद पिठावर निव्वळ वजन छापावे लागते. वैधमापनाच्या नियमांप्रमाणे घन पदार्थ वजनावर आणि द्रव पदार्थ आकारमानावर जाहीर करायचे असतात. म्हणून मी मोठ्या मायला विचारले, “मोठ्या माय, शेर म्हणजे किती हो धरू?” त्या म्हणाल्या, “शेर म्हंजी किलोच की गं, चिमूटभर इकडं-तिकडं.” मी वहीत शेराचा एक किलो, मापट्याचे ५०० ग्रॅम, चिपट्याचे २५० ग्रॅम आणि कोळव्याचे १२५ ग्रॅम लिहिले. तोळ्याचे १० ग्रॅम धरले, कारण सराफाकडे आज तोळा म्हणजे १० ग्रॅमच असतो.

आठ घाण्यांची यादी घेऊन आम्ही दोघीजणी लातूरला गेलो. यादीत दगडफूल एक किलो होते. दुकानदाराने ते वाचून अख्खे पोते पुढे केले आणि एवढे कशाला लागते, असे विचारले. एक किलो दगडफुलाचा ढीग पाहून आम्हालाही ते पटेना, म्हणून अंदाजाने २०० ग्रॅम घेतले आणि यादी लिहिताना काही चुकले असेल असे समजून पुढे निघालो. धने चार किलो आणि जिरे एक किलो मात्र यादीप्रमाणे घेतले. चार किलो धन्यांची पिशवी मोठी दिसली, पण लग्नाची मागणी आहे म्हणून ती मोठी असणारच, असे वाटले. आज मागे वळून पाहताना मला हा क्षण सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जी चूक चौदापट होती तिने स्वतःलाच उघडे पाडले. जी अडीचपटीहून थोडी अधिक होती ती मागणीच्या आकारामागे लपून घरापर्यंत आली. दगडफुलाच्या वेळी आम्ही फक्त दगडफूल कमी केले. ज्या नियमाने दगडफुलाचा आकडा निघाला होता त्याच नियमाने धन्यांचाही निघाला आहे, हे आम्ही तेथेच थांबून तपासायला हवे होते.

कच्चा माल सव्वाएकोणीस किलोच्या थोडा वर भरला आणि भाजून, निवडून, दळून साडेसतरा किलो पीठ हाती आले. लग्नाच्या दिवशी आचाऱ्याने नेहमीच्या अंदाजाने पीठ कालवून आधणात सोडले, पण आमटी दाट होईना. त्याने आणखी पीठ घातले. दाटपणा थोडा वाढला, पण त्याबरोबर धन्याचा कडसरपणा आणि टरफलाची खरखरही वाढली. यजमानांनी तक्रार सौम्य शब्दांत केली, तरी पंगत उठेपर्यंत ती गावभर झाली होती.

पहिले चार दिवस आम्ही चुकीच्या ठिकाणी शोध घेतला. भाजणी करपली असावी असे एकीचे म्हणणे होते, गिरणीच्या दगडात आधीच्या दळणाचे काही राहिले असावे असे दुसरीचे, आणि धने जुने निघाले असा माझा स्वतःचा संशय होता. शेवटी मोठ्या मायने त्याच पोत्यातले धने, तेच गहू आणि त्याच डाळी घेऊन आपल्या मापांनी एक घाणा केला, आणि त्याची आमटी नेहमीसारखी उतरली. माल तोच, चूल तीच, गिरणी तीच. दोन घाण्यांत फरक फक्त मोजण्याचा होता. त्या दिवशी गटाचा पाच किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा मोठ्या मायच्या ओसरीवर नेला आणि जे खरेदीआधी करायचे होते ते आम्ही खरेदीनंतर केले.

वजन करण्याची पद्धत

आधी मापे तपासली. रिकामे माप काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि माप काठोकाठ पाण्याने भरले. एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असते. ३० अंश तापमानालाही हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो, म्हणून स्वयंपाकासाठी पाण्याचे ग्रॅम हेच भांड्याचे मिलिलिटर मानायला हरकत नाही. शेर ११४० मिलिलिटरचा निघाला, मापटे ५६५ चे, चिपटे २९० चे आणि कोळवे १४५ चे. कोष्टकाप्रमाणे चार चिपट्यांचा एक शेर व्हायला हवा, पण येथे चार चिपटी ११६० मिलिलिटरची होतात. हाताने घडवलेल्या मापांत एवढा फरक राहणारच आणि त्याने चव बदलत नाही. परंतु ज्याला घरचे प्रमाण उतरवायचे आहे त्याने कोष्टकातील नव्हे, तर त्या घरातील माप मोजले पाहिजे.

मग भरण्याची रीत पाहिली, आणि येथे मला नवे काही शिकायला मिळाले. मोठी माय गहू आणि डाळी शीग लावून मोजतात, म्हणजे मापाच्या काठावर धान्याची रास चढू देतात. धने आणि जिरे मात्र सपाट घेतात. विचारल्यावर त्यांनी सांगितले की त्यांच्या सासूबाई तसेच करत, म्हणून त्याही करतात. मी प्रमाण लिहून घेताना हे त्यांच्या तोंडून आले नव्हते, कारण मी ते विचारलेच नव्हते. शीग ही लहान गोष्ट नाही. आमच्या शेराचे तोंड ११ सेंटिमीटर रुंद आणि खोली १२ सेंटिमीटर आहे. गव्हाची रास साधारण २७ अंशांच्या उताराने उभी राहते असे धरले, तर काठावरचा शंकू जवळपास पावणेतीन सेंटिमीटर उंच होतो आणि त्यात ८८ मिलिलिटरच्या आसपास धान्य मावते. म्हणजे मापाच्या जवळजवळ आठ टक्के गहू काठाच्या वर असतो. माप पसरट असेल तर हा वाटा आणखी वाढतो, म्हणूनच उभ्या डब्याची शीग आणि परातीची शीग यांची तुलना करता येत नाही.

प्रत्येक जिन्नस तिघींनी वेगवेगळा भरून तोलला. सपाट शेरात गहू तिघींच्या हातून ८८३ ते ८८७ ग्रॅम आला; शीग लावल्यावर तो ९४० ते ९६८ ग्रॅम आला. हात बदलला तरी सपाट माप चार ग्रॅमच्या फरकात राहते आणि शिगेचे माप अठ्ठावीस ग्रॅमने हलते, हे त्या दिवशी सर्वांनी प्रत्यक्ष पाहिले. पूर्ण घाण्याची सरासरी अशी निघाली :

गहू, एक शेर, शिगेसह : ९५४ ग्रॅम (मी धरले होते १०००)
हरभऱ्याची डाळ, एक मापटे, शिगेसह : ४८८ ग्रॅम (धरले होते ५००)
उडदाची डाळ, एक चिपटे, शिगेसह : २५९ ग्रॅम (धरले होते २५०)
धने, एक मापटे, सपाट : १८६ ग्रॅम (धरले होते ५००)
जिरे, एक कोळवे, सपाट : ६२ ग्रॅम (धरले होते १२५)
दगडफूल, एक कोळवे, न दाबता : ९ ग्रॅम (धरले होते १२५, घेतले २५)
मिरे, दोन तोळे : जुन्या तोळ्याने २३ ग्रॅम (धरले होते २०)

वरच्या तीन ओळी पाहिल्या की मोठी माय चुकीचे बोलल्या नव्हत्या हे लगेच कळते. गव्हाच्या आणि डाळींच्या बाबतीत शेर म्हणजे खरोखरच किलो, चिमूटभर इकडे-तिकडे. त्यांच्या मनात शेर म्हटले की धान्यच होते. मी तो नियम धान्यावरून उचलून धन्यांवर, जिऱ्यावर आणि दगडफुलावर लावला. धने त्यामुळे २.७ पट पडले, जिरे दुप्पट पडले, आणि डोळ्यांना खटकल्यामुळे कमी केलेले दगडफूलसुद्धा खऱ्या प्रमाणाच्या पावणेतीनपट पडले.

असे का व्हावे, हेही समजून घेण्यासारखे आहे. गव्हाचा दाणा भरीव असतो आणि माप हलवले की दाणे एकमेकांत बसतात. धन्याचा दाणा दिसायला गोल आणि मोठा असला तरी तो दोन फोडींचा बनलेला असतो आणि त्या फोडींच्या मध्ये पोकळी असते. दातांखाली फोडून पाहिले की ती दिसते. म्हणजे मापट्यातील जागा दाण्यांच्या मधल्या हवेने अडते आणि दाण्यांच्या आतल्या हवेनेही अडते. आमच्या मापट्यात एक मिलिलिटर जागेला धने पाऊण तर सोडाच, एक तृतीयांश ग्रॅमच भरले, तर गहू पाऊण ग्रॅमच्या वर भरला. दगडफूल तर कागदासारखे पातळ आणि मुरडलेले. कोळव्यात बहुतेक हवाच असते, आणि ते अंगठ्याने दाबले की तेवढ्याच कोळव्यात दुप्पट मावते. म्हणून अशा जिन्नसाचे माप सांगताना दाबून की न दाबता, हे सांगितल्याशिवाय मापाला अर्थ राहत नाही.

टक्केवारीत मांडले तर बिघाडाचे सगळे स्वरूप समोर येते. मोठ्या मायच्या घाण्यात एकूण १९८१ ग्रॅमपैकी धान्य व डाळी मिळून जवळजवळ ८६ टक्के आणि धने ९.४ टक्के होते. माझ्या घाण्यात एकूण २४२० ग्रॅमपैकी धान्य व डाळी ७२ टक्के आणि धने २०.७ टक्के झाले होते. दाटपणा देणारा भाग घटल्यामुळे आमटी पातळ राहिली, आणि ती दाट करण्यासाठी आचाऱ्याने पीठ वाढवले तेव्हा प्रत्येक पळीबरोबर धन्याचा दुपटीहून अधिक वाटा पातेल्यात गेला. पातळपणा, कडसरपणा आणि खरखर या तीन तक्रारी आम्ही तीन वेगळ्या चुकांत शोधत होतो. तिन्हींचे मूळ धन्याच्या एका आकड्यात होते.

सगळे आकडे एकाच पटीत चुकले असते तर काही बिघडले नसते, हेही येथे नोंदवायला हवे. शेर किलोऐवजी दीड किलो धरून प्रत्येक जिन्नस खऱ्या वजनाच्या दीडपट घेतला असता, तर पीठ फक्त जास्त झाले असते, चव तीच राहिली असती. मिश्रणाच्या चवीला एकूण वजनाशी घेणे नसते, प्रमाणाशी असते. मापावरून वजनाकडे जाताना प्रत्येक जिन्नसाची पट वेगळी असते, आणि म्हणून एकच आकडा साऱ्या यादीला लावणारे रूपांतर प्रमाण मोडते.

शेराचे दोन अर्थ

माझी चूक माझीच होती, पण तिला भाषेनेही वाट करून दिली होती. मराठीत शेर हा शब्द मापालाही आहे आणि वजनालाही. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला की तो ९३३ ग्रॅम होतो आणि चाळीस शेरांचा मण ३७.३२ किलोचा. मापाचा शेर हे त्याच नावाचे भांडे. धान्य भरले की भांड्यातील शेर आणि काट्यावरचा शेर जवळजवळ जुळतात, म्हणून शेतकऱ्याच्या घरात दोन शेर आहेत हे जाणवण्याचे कारण पडत नव्हते.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच वर्षी वजन-मापांच्या प्रमाणीकरणाचा केंद्रीय कायदा झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने देशभर लागू होत गेली. बाजारातला वजनी शेर त्यानंतर हटला, कारण कायदा व्यापाराला लागू होता. घरातल्या मापी शेराला कोणी हात लावला नाही. कणगीतून दळणाला ज्वारी काढायला तो तसाच राहिला, आणि बाजारातल्या शेराच्या जागी किलो आला म्हणून घरातल्या शेरालाही लोक किलो म्हणू लागले. मोठ्या मायचे वाक्य असे दोन पिढ्यांच्या व्यवहारातून आलेले आहे. तोळ्याचेही तसेच. त्यांच्या तोळ्याचे ११.६६ ग्रॅम, सराफाच्या आजच्या तोळ्याचे १०. मिऱ्यांत त्यामुळे सातव्या हिश्श्याची तूट पडली. ती चवीत कोणाला जाणवली नाही, पण ती होती.

बिघडलेला माल सुधारणे

लग्नघरी साडेदहा किलो पीठ गेल्यावर आमच्याकडे सात किलो, म्हणजे एकूण पिठाच्या ४० टक्के, उरले होते. ते फेकण्याचा किंवा जनावरांच्या आंबोणात घालण्याचा विचार झाला, पण पिठात जे जास्त होते ते काढता येत नसले तरी जे कमी होते ते घालता येत होते. हिशेब धन्यांपासून सुरू केला, कारण सर्वांत मोठा फुगवटा तेथे होता. उरलेल्या पिठात कच्च्या वजनाने १६०० ग्रॅम धने होते. एका खऱ्या घाण्याला १८६ ग्रॅम धने लागतात, म्हणजे एवढ्या धन्यांवर ८.६ घाण्यांचे पीठ व्हायला हवे. त्याप्रमाणे गहू ८.२ किलो हवा होता आणि ३.२ होता, म्हणून पाच किलो भाजून घातला. हरभऱ्याची डाळ २.६ किलो, उडदाची १.४३ किलो, जिरे १३३ ग्रॅम आणि मिरे १३७ ग्रॅम घातले. दगडफूल मात्र काहीच घालावे लागले नाही. आम्ही अंदाजाने पावणेतीनपट घेतलेले दगडफूल आणि हिशेबाने २.७ पट पडलेले धने योगायोगाने एकाच मापात जास्त होते.

नवे धान्य वेगळे भाजून दळले आणि जुन्या पिठात चाळणीने तीनदा मिसळले, कारण दोन पिठे नुसती कालवली तर पाकिटापाकिटात फरक पडतो. वजने सगळी कच्च्या मालाची धरली. भाजल्यावर दाण्यातले पाणी उडते आणि दाणा फुगतो, त्यामुळे भाजलेला गहू मापाने घेतला तर वेगळे वजन येते आणि वजनाने घेतला तर वेगळा वाटा येतो. कच्चे की भाजलेले, हे यादीत लिहिलेच पाहिजे. लग्नघराला आम्ही पैसे परत करण्याची तयारी दाखवली. त्यांनी पैसे न घेता बारशासाठी सुधारलेले पीठ मागून घेतले.

पाकिटावरची सूचना

हे झाल्यावर पाकिटावर काय छापायचे हा प्रश्न उरला होता, आणि तेथे तेच रूपांतर उलट्या दिशेने करायचे होते. पीठ वजनावर विकायचे, पण घेणारी बाई ते चमच्याने किंवा वाटीने घालणार. गटातील तीन घरांच्या वाट्या पाण्याने मोजल्या तर त्या ११०, १५० आणि १८० मिलिलिटरच्या निघाल्या. पोह्यांचा चमचा तर घरोघर वेगळा. शिवाय पीठ स्वतःच एका जागी राहत नाही. गिरणीतून नुकतेच आलेले सैल पीठ १५० मिलिलिटरच्या वाटीत ७२ ग्रॅम बसले. तीच वाटी ओट्यावर वीस वेळा ठोकून पुन्हा काठापर्यंत भरली तर ९३ ग्रॅम बसले. एसटीच्या टपावरून प्रवास केलेले पाकीट आणि गिरणीतून आणलेला डबा यांच्यात म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक फरक पडतो. परदेशी पाककृतींतल्या कपाची अडचण हीच आहे. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा आणि भात शिजवण्याच्या विजेच्या भांड्याबरोबर येणारा कप बहुधा १८० चा असतो. त्यात कप एकच धरला तरी मैदा चाळून घातला की दाबून, यावर वजन बदलत राहते.

आम्ही आमटीचे प्रमाण आधी वजनाने पक्के केले : एक लिटर पाण्याला ४० ग्रॅम पीठ. चमच्यात सांगायचे तर १५ मिलिलिटरचे सपाट पाच चमचे. पण गटातल्या सर्वांत धाकट्या सुनेने सुचवलेला मार्ग मला अधिक भरवशाचा वाटला. पाकीट २०० ग्रॅमचे आहे. मग “पूर्ण पाकिटाला पाच लिटर पाणी” असेच छापावे. पाकिटाचे वजन आम्ही काट्यावर केलेले असते, त्यामुळे घेणाऱ्या बाईला ना काटा लागतो ना मापाचा चमचा. अर्धे पाकीट अडीच लिटरला, हे तिला आपोआप कळते. आता पाकिटावर हीच ओळ वर आहे आणि चमच्यांची ओळ तिच्या खाली लहान अक्षरांत आहे.

तेलाच्या डब्याचा उल्लेख येथे करणे भाग आहे, कारण चटण्यांसाठी आम्ही तो नेहमी घेतो आणि याच प्रकरणानंतर त्याकडे नीट पाहिले. बाजारात “पंधराचा डबा” या एकाच नावाने १५ किलोचा डबाही मिळतो आणि १५ लिटरचाही. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते. १५ लिटरच्या डब्यात म्हणून १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते, आणि १५ किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर. भाव विचारताना डबा किलोचा की लिटरचा, हे विचारल्याशिवाय दोन दुकानांच्या भावांची तुलना करता येत नाही. दुधाचे उलटे आहे, ते लिटरला एक किलो ३० ग्रॅमच्या आसपास भरते. द्रव पदार्थांत फरक इतका लहान असतो आणि दाबल्याने किंवा ठोकल्याने तो बदलत नाही, म्हणून स्वयंपाकघरात द्रव मापाने आणि कोरडे वजनाने घ्यायची रीत आम्ही आता ठेवली आहे.

मोठ्या मायच्या मापांचे वजनपत्रक आम्ही पुठ्ठ्यावर लिहून गटाच्या खोलीत लावले आहे. प्रत्येक जिन्नसापुढे माप, शीग की सपाट, कच्चे की भाजलेले आणि ग्रॅम असे चार रकाने आहेत. दगडफुलासारख्या हलक्या जिन्नसांना एका घाण्याचे वजन लिहिलेले नाही, आठ घाण्यांचे ७२ ग्रॅम लिहिले आहे. आमचा काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो आणि नऊ ग्रॅमच्या तोलात एका ग्रॅमची चूक अकरा टक्क्यांची होते, बहात्तरात ती दीड टक्क्याच्याही आत राहते. मोठ्या मायने पत्रक वाचून घेतले आणि धन्यांच्या रकान्यात “सपाट” हा शब्द मोठा लिहायला सांगितला.

पुढची मागणी धपाट्यांच्या भाजणीची आहे. तिच्यात ज्वारी, गहू आणि हरभऱ्याची डाळ शेराने आहेत, धने-जिरे चिपट्याने आहेत आणि ओवा मुठीने आहे. मूठ कोणाची, हे ठरवून मोठ्या मायने आपल्याच हाताने पाच मुठी काट्यावर टाकल्या आहेत; सरासरी काढायची बाकी आहे.